तंत्रमहाविद्यालयातील वर्गविनोद आणि मराठी विनोदविचार : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी विनोदी साहित्यात शाळा आणि महाविद्यालय हे आवडते विषय आहेत. मास्तर, पंतोजी, हेडमास्तर, प्राध्यापक, नापासांचा बाक, गॅदरिंग आणि वसतिगृहाची खानावळ यांवर मराठी लेखकांनी मनापासून लिहिले आणि वाचकांनीही ते मनापासून वाचले. या समृद्ध परंपरेत एक उणीव मात्र जाणवते. विनोदी लेखनातील वर्ग बहुधा भाषेचा, इतिहासाचा किंवा संस्कृतचा असतो. ड्रॉइंग हॉल, वर्कशॉप आणि सर्व्हे कॅम्प यांतील हशा या साहित्याच्या मुख्य प्रवाहात फारसा उमटलेला नाही. महाराष्ट्रात तंत्रशिक्षणाला दीडशेहून अधिक वर्षे झाली असताना हे घडले, म्हणून त्याची कारणे तपासणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखात आरंभीच्या तंत्रमहाविद्यालयांतील विद्यार्थिजीवन आणि वर्गविनोद यांची चिकित्सा केली आहे. मराठी विनोदविचाराने 'निर्विष विनोद' ही कसोटी प्रमाण मानली. तंत्रवर्गातील हास्याच्या आकलनासाठी ती अपुरी पडते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. विनोद कोणावर झाला आणि ज्याच्यावर झाला त्याला उत्तर देण्याची सोय होती काय, हा प्रश्न या वर्गात अधिक महत्त्वाचा ठरतो. कडेगाव परिसरासारख्या ग्रामीण भागातून तंत्रशिक्षणाकडे वळलेल्या पहिल्या पिढीच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ साहित्यिक नाही.

वर्गविनोदाची मराठी परंपरा

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी आणि चिं. वि. जोशी यांनी मराठी विनोदाचा पाया घातला. न. चिं. केळकरांनी हास्य-विनोदाची शास्त्रीय मीमांसा केली. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मधील चितळे मास्तर आणि 'हसवणूक' (१९६८) मधील 'बिगरी ते मॅट्रिक' यांनी वर्गविनोदाला मराठी मनात कायमचे स्थान मिळवून दिले. द. मा. मिरासदारांच्या ग्रामीण कथांनी त्यात खेड्यातील इरसालपणाची भर घातली.

या लेखनात एक समान सूत्र आढळते. विनोदाच्या केंद्रस्थानी शिक्षकाचे व्यक्तिमत्त्व असते. त्याच्या लकबी, त्याची वेशभूषा, त्याचे ठरलेले शेरे आणि या सर्वांआड दडलेला जिव्हाळा यांतून हास्य निर्माण होते. विद्यार्थ्याची चूक शिक्षकाच्या शेऱ्याला निमित्त पुरवते आणि तो शेरा विद्यार्थी आयुष्यभर प्रेमाने आठवतो. दुसरे असे की, हे सर्व स्मरणरंजनाच्या अंगाने येते. लिहिणारा वर्गाबाहेर पडलेला आणि आयुष्यात स्थिरावलेला असतो. त्या वेळी बोचलेले काही असले तरी काळाने त्याची धार बोथट केलेली असते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षक आणि विद्यार्थी हसतात ते एकाच भाषेत. शब्दावरील कोटी दोघांनाही सारखीच समजते.

या तीन गृहीतांवरच 'निर्विष विनोद' ही कल्पना उभी आहे. तंत्रमहाविद्यालयाच्या वर्गात मात्र ही तिन्ही गृहीते डळमळतात.

आरंभीची तंत्रमहाविद्यालये आणि भाषेची फाळणी

पुण्यात १८५४ मध्ये 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले. सार्वजनिक बांधकाम खात्याला लागणारे दुय्यम अधिकारी तयार करणे हा त्याचा मर्यादित हेतू होता. १८८० मध्ये ही संस्था 'कॉलेज ऑफ सायन्स' झाली आणि १९११ पासून 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' या नावाने ओळखली गेली. २०२२ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच संस्थेतून १८८३ मध्ये एल.सी.ई. परीक्षेत प्रथम आले. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. सांगलीत १९४७ मध्ये धोंडुमामा साठे यांच्या पुढाकाराने 'न्यू इंजिनिअरिंग कॉलेज' निघाले. १९५५ मध्ये त्याला वालचंद यांचे नाव देण्यात आले. कडेगावच्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकीचे जवळचे दार दीर्घकाळ हेच होते.

या संस्थांच्या अध्यापनाची भाषा इंग्रजी होती. विद्यार्थ्याची घरची भाषा मात्र मराठी किंवा कन्नड, गुजराती अशी होती. व्याख्यान, पाठ्यपुस्तक, आराखड्यावरील अक्षरे आणि परीक्षा इंग्रजीत, तर वसतिगृहातील गप्पा, खानावळीतील तक्रारी आणि शिक्षकांना ठेवलेली टोपणनावे मराठीत, अशी ही फाळणी होती. परिणामी विनोद मौखिकच राहिला. विश्वेश्वरय्यांचे आत्मवृत्त १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले, पण त्याचा भर कार्यकर्तृत्वावर आहे. वर्गातील हसू शोधण्यासाठी ते उपयोगी पडत नाही. अभियंत्यांच्या आठवणींत धरणे, पूल आणि कारखाने येतात. वर्ग आला तरी तो ओझरता येतो.

सांगलीच्या विश्रामबागेत ही विसंगती भौगोलिक रूपात दिसते. विलिंग्डन महाविद्यालय आणि अभियांत्रिकी महाविद्यालय एकाच परिसरात आहेत. विलिंग्डनमध्ये शिकलेल्या पु. ल. देशपांड्यांच्या लेखणीतून मराठी वर्ग अजरामर झाला. शेजारच्या ड्रॉइंग हॉलमधील हशाला मात्र असा लेखक लाभला नाही.

यंत्र आणि मराठी विनोद यांचे मुळातच वावडे आहे, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. कडेगावच्या शेजारच्या पलूस तालुक्यात याचे उत्तर मिळते. मुंबईच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर डावलले गेल्यामुळे नोकरी सोडून बेळगावला गेले आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तेथूनच १९२० मध्ये कारखान्याचे पत्रक म्हणून सुरू झालेल्या मासिकाचे पुढे 'किर्लोस्कर' मासिकात रूपांतर झाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढीत. नांगर ओतणाऱ्या भट्टीशेजारी मराठी विनोद रुजू शकला, याचे एक कारण म्हणजे त्या कारखान्याचा व्यवहार मराठीत होता. बडोद्यात १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांनी उभारलेल्या कलाभवनातही देशी भाषांतून तंत्रशिक्षण देण्याचा प्रयत्न झाला. दादासाहेब फाळके तेथे शिकले. अडसर यंत्राचा नव्हता. वर्गात कोणत्या भाषेला प्रतिष्ठा होती, हा खरा मुद्दा होता.

'तुळई' : बरोबर उत्तरावरील हसू

या प्रतिष्ठेचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक प्रसंग घेता येईल. पहिल्या वर्षाच्या वर्गात प्राध्यापक फळ्यावर दोन आधारांवर ठेवलेली आडवी रेघ काढतात आणि विचारतात, 'व्हॉट इज धिस?' अपेक्षित उत्तर 'बीम' हे असते. मागच्या बाकावरचा, गावाकडून आलेला विद्यार्थी उठून म्हणतो, 'सर, तुळई.' वर्ग खदखदून हसतो. प्राध्यापकही हसतात आणि 'अरे, वाडा बांधायला आलास की इंजिनिअर व्हायला?' असे काहीसे म्हणून पुढे जातात.

या हशाचे विश्लेषण मराठी विनोदविचार सहज करील. गंभीर शास्त्रीय वातावरणात घरगुती शब्द अचानक अवतरला, अपेक्षाभंग झाला, विसंगती निर्माण झाली आणि हसू आले. विसंगतीचा सिद्धांत येथे चपखल लागू पडतो, परंतु तो अर्धाच प्रकाश टाकतो. विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर होते. आडव्या लाकडाला तुळई म्हणतात, ती भार पेलते आणि भार वाढला की मधोमध वाकते, हे त्याने घराच्या माळवदात पाहिलेले होते. 'बीम' हा शब्द पाठ करून आलेल्या शहरी विद्यार्थ्यापेक्षा त्याचे ज्ञान कदाचित अधिक सघन होते. हसू आले ते चुकीवर नव्हे. बरोबर उत्तर चुकीच्या भाषेत आले, यावर वर्ग हसला.

हेन्री बर्गसाँ यांनी १९०० मधील आपल्या ग्रंथात हास्याला सामाजिक शिक्षेचे रूप मानले आहे. जिवंत माणसात यंत्रासारखा ताठरपणा आला की समाज हसून त्याला वळणावर आणतो, असे त्यांचे मत होते. हसताना क्षणभर अंतःकरण बधिर व्हावे लागते, हेही त्यांनी नोंदवले. 'तुळई'च्या प्रसंगाला हा विचार लावला असता एक विलक्षण उलटापालट दिसते. येथे यांत्रिक आहे तो वर्ग. ठरलेला शब्द न आल्याबरोबर तो एकसाथ हसतो. जिवंत अनुभव बोलतो आहे तो उभा राहिलेला विद्यार्थी. शिक्षा मात्र त्यालाच होते. बर्गसाँच्या सिद्धांतातील शिक्षेची कल्पना येथे टिकते, पण ही शिक्षा योग्य व्यक्तीला होते हे गृहीतक टिकत नाही.

त्या विद्यार्थ्यापुढील पर्यायही ध्यानात घ्यावे लागतात. तो हसण्यात सामील होऊ शकतो, गप्प बसू शकतो किंवा पुन्हा हात वर न करण्याचे ठरवू शकतो. तिसरा पर्याय निवडला गेला, तर वर्गाने एका हशाच्या मोबदल्यात एक विद्यार्थी गमावलेला असतो.

विनोदाचा प्रवाह उलट दिशेनेही वाहिला. शासनाच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश सिद्ध केले, त्या वेळी काही संस्कृतनिष्ठ प्रतिशब्द हास्याचा विषय झाले. 'स्ट्रेन'साठी योजलेला 'विकृती' हा शब्द व्यवहारात वेगळ्याच अर्थाने रूढ असल्याने लोखंडी सळईची 'विकृती' मोजण्याची कल्पना कोणालाही गमतीची वाटावी. येथे विनोदाचे लक्ष्य विद्यार्थी नव्हता. एका व्यवस्थेने घडवलेला शब्द हे त्याचे लक्ष्य होते. 'तुळई'वर हसणे आणि 'विकृती'वर हसणे या दोन्हींत शाब्दिक विसंगती समान असली, तरी दोहोंचे नैतिक मोल एक नाही.

वर्कशॉप : वस्तूने केलेला विनोद

व्याख्यानाच्या खोलीतून वर्कशॉपमध्ये गेल्यावर हास्याची दिशा बदलते. फिटिंगच्या टेबलावर प्रत्येकाला लोखंडाचा तुकडा आणि कानस मिळते. कडा काटकोनात घासून 'जॉब' पूर्ण करायचा असतो. निदेशक तो जॉब गुण्याला लावून उजेडाकडे धरतात. फटीतून उजेड दिसला की जॉब परत. इंग्रजी कितीही सफाईदार असली तरी ती फट बुजत नाही. लोखंडाला वशिला समजत नाही आणि गुण्याला आडनाव कळत नाही.

येथे सुताराच्या वा लोहाराच्या घरातील विद्यार्थ्याला अनपेक्षित प्रतिष्ठा लाभू शकते. कानस, रंधा, पटाशी, ओळंबा, ऐरण, भाता हे शब्द त्याला नव्याने शिकावे लागत नाहीत. व्याख्यानात 'तुळई' म्हणून हसला गेलेला विद्यार्थी येथे इतरांना कानस कशी धरावी हे दाखवतो. पांढऱ्या हातांना आलेले फोड हा या ठिकाणचा विनोदविषय होतो आणि हा विनोद खऱ्या अर्थाने निर्विष असतो, कारण फोड काही दिवसांत बरे होतात. भाषेवरून झालेल्या हशाचे तसे होत नाही.

कडेगावच्या संदर्भात या मुद्द्याला आणखी एक परिमाण आहे. येथील मोहरमचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत. हिंदू आणि मुस्लिम समाजांच्या सहभागातून होणारी ही बांबूची बांधणी पिढ्यान्‌पिढ्या हातोहात शिकली गेली. वरचा भाग आधी आणि खालचे मजले नंतर, अशी या बांधणीची रीत सांगितली जाते. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात पाया शिकलेल्या विद्यार्थ्याला हे प्रथम विनोदी वाटेल. थोडा विचार केला की त्यामागील तर्क लक्षात येतो. वरचा भाग जमिनीवर बांधून उचलत नेला, तर उंचावर चढून काम करण्याचा धोका कमी होतो. ज्या गावात असे कौशल्य नांदते, तेथून आलेल्या विद्यार्थ्याला 'तांत्रिक पार्श्वभूमी नाही' असे म्हणणे, हाच वस्तुतः मोठा विनोद आहे.

सर्व्हे कॅम्पमध्येही अशी दुहेरी दृष्टी आढळते. शेताच्या बांधावर थिओडोलाइट उभे केले की गावकरी जमतात आणि 'रस्ता कुठून काढणार?' असे विचारतात. शहरी विद्यार्थ्याला हा प्रश्न भाबडा वाटतो आणि पुढे तो किस्सा होतो. ताकारी आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांची पाण्यासाठी वाट पाहिलेल्या भागात मात्र तिपाईवरील दुर्बीण ही गमतीची वस्तू नाही. ती आली म्हणजे जमीन जाईल किंवा पाणी येईल, एवढे शेतकऱ्याला पक्के माहीत असते. त्याचा प्रश्न भाबडा नसून अनुभवसिद्ध असतो.

सबमिशन आणि 'जीटी' : व्यवस्थेवरील विनोद

तंत्रविद्यार्थ्यांच्या विनोदाचा सर्वांत सर्जनशील भाग व्यवस्थेशी झालेल्या झटापटीतून आला. सबमिशन, टर्म, ओरल, केटी, पीएल या शब्दांनी त्यांची स्वतंत्र बोली घडवली. त्यातील 'जीटी', म्हणजे ग्लास ट्रेसिंग, हा शब्द विशेष बोलका आहे. दोन टेबलांच्या फटीवर काच ठेवायची, खाली दिवा लावायचा, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट ठेवून रेषा गिरवायच्या, ही ती युक्ती. हॉस्टेलच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत हा उद्योग चाले. चुका गिरवल्या गेल्या की त्या साऱ्या वर्गाच्या शीटवर एकाच जागी उमटत आणि मूळ पापी कोण, हे शोधण्याचे काम प्राध्यापकांवर येई. संगणकावरील आरेखन रूढ झाल्यावर काच आणि दिवा मागे पडले, पण युक्तीमागील वृत्ती संपली नाही.

समीक्षेच्या दृष्टीने या विनोदात दोन गोष्टी आहेत. हा विनोद समूहाचा आहे. त्यात कोणी एक 'वल्ली' नाही. व्यक्तिचित्राच्या साच्यात रमलेल्या मराठी विनोदी लेखनाला तो सहज पकडता आला नाही, याचे हे एक कारण असावे. शिवाय त्यात आत्मटीका आहे. शिकण्यासाठी दिलेले काम केवळ हजर करण्यापुरते उरले, ही शोकांतिका विद्यार्थी हसत हसत सांगत होते. प्राध्यापकांनी हा विनोद लक्षपूर्वक ऐकला असता, तर त्यांना अभ्यासक्रमाचे सर्वांत प्रामाणिक मूल्यमापन त्यातच मिळाले असते.

विनोद आणि अधिकार

ग्रामीण विद्यार्थी स्वतः निवेदक झाला की काय घडते, हे भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) ने दाखवून दिले. पांडुरंग सांगवीकर तंत्रमहाविद्यालयाचा विद्यार्थी नाही, पण खानदेशातून पुण्याच्या वसतिगृहात आलेला हा तरुण शहराचे आणि महाविद्यालयाचे निरीक्षण ज्या तिरकस शैलीत करतो, ती महत्त्वाची आहे. येथे हसण्याचा अधिकार बाहेरून आलेल्याकडे गेला. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) मध्ये भटक्या जमातीतील मुलाचे शिक्षण येते. ते वाचल्यावर शाळेतील सर्वच हसणे गोड असते, असे म्हणण्याचे धाडस होत नाही. 'बिगरी ते मॅट्रिक' आणि 'उपरा' ही एकाच महाराष्ट्रातील वर्गाची दोन चित्रे आहेत. समीक्षेने ती एकत्र वाचली पाहिजेत.

१९८३ मध्ये सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. कडेगाव तालुक्यातील सोनसळचे पतंगराव कदम यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या भारती विद्यापीठासारख्या संस्थांनी या क्षेत्रात पाऊल टाकले. वर्गाची सामाजिक रचना बदलली. पूर्वी क्वचित दिसणारा ग्रामीण विद्यार्थी आता मोठ्या संख्येने आला. या धोरणाच्या शुल्कविषयक बाजूवर पुष्कळ टीका झाली. वर्गातील हास्याचे काय झाले, याचा विचार मात्र झाला नाही.

'गंमत' या शब्दाचा आडोसा घेऊन किती क्रौर्य नांदू शकते, याची कबुली समाजाला अखेर कायद्यातून द्यावी लागली. महाराष्ट्रात रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा १९९९ मध्ये झाला. रॅगिंग आणि वर्गातील कोटी यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरीही दोहोंत एक धागा समान आहे. ज्याच्यावर हसले जाते त्याने हसून दाखवलेच पाहिजे, ही अपेक्षा दोन्हीकडे असते. हसून दाखवण्याची सक्ती आली की विनोद संपतो.

समारोप

वरील विवेचनातून तंत्रमहाविद्यालयातील वर्गविनोदाचे तीन प्रकार स्पष्ट होतात. भाषेचा विनोद बहुधा वरून खाली वाहतो आणि नवागताला त्याची जागा दाखवतो. वस्तूचा विनोद सर्वांना समान पातळीवर आणतो. व्यवस्थेचा विनोद खालून वर जातो आणि त्यात टीकेचे सामर्थ्य असते. मराठी विनोदविचाराने या तिन्हींना 'निर्विष' किंवा 'बोचरा' या दोनच खणांत घातले, म्हणून त्यांतील भेद दिसले नाहीत. विनोदाची दिशा आणि प्रत्युत्तराची शक्यता या दोन कसोट्या त्यात मिळवल्यास ही मीमांसा अधिक नेमकी होईल.

या चर्चेला आजचा संदर्भ आहे. २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मान्यता दिली. पाठ्यपुस्तके भाषांतरित होतील, कोश अद्ययावत होतील. परंतु वर्गात मराठी उत्तरावर हसण्याची सवय टिकून राहिली, तर माध्यम बदलूनही फारसे काही बदलणार नाही. मौखिक राहिलेले हे किस्से महाविद्यालयांच्या जुन्या नियतकालिकांतून आणि निवृत्त शिक्षक, निदेशक व माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींतून संकलित करणे, हे मराठी आणि तंत्रशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून करण्याजोगे काम आहे.

तोपर्यंत अध्यापकाच्या हाती एक साधा उपाय आहे. मागच्या बाकावरून 'तुळई' असे उत्तर आले, तर वर्ग हसण्यापूर्वी फळ्यावर 'बीम' या शब्दाशेजारी तो शब्द लिहावा आणि ती वाकते कुठे, हे त्याच विद्यार्थ्याला विचारावे. त्यानंतर वर्गात जे हसू उमटेल, त्यात तो विद्यार्थीही मोकळेपणाने सामील झालेला असेल.